तान्ह्या पोळ्याचा पहिला नंबर

मनोहररावांना सिनेमाची गोष्ट आधी कुणी सांगितलेली खपत नसे. लकडगंजात लाकूड कापायची स्वतःची आरामशीन, नंदनवन कॉलनीत दुमजली बंगला, बाजारात शब्दाला वजन; पण पडद्यावर नावं यायला लागली की हा गृहस्थ अजूनही सतरा वर्षांचा व्हायचा. तोंडात दोन बोटं घालून अशी शिट्टी मारायचा की पुढच्या रांगेतली पोरं माना वळवून बघायची. लग्नानंतरच्या पहिल्याच सिनेमाला कौसल्याबाईंनी हा प्रकार पाहिला आणि पदर तोंडावर ओढून घेतला. तेव्हापासून टॉकीजमध्ये त्या नवऱ्यापासून एक खुर्ची सोडून बसतात. मधली खुर्ची रिकामी राहावी म्हणून तिचंही तिकीट काढलं जातं, पण तो नेम काही मोडला नाही.

शिट्टी कुणासाठी, हे मात्र पक्कं होतं. शिट्टी गरिबासाठी. मनोहररावांच्या तरुणपणीच्या सिनेमात श्रीमंताचा पोरगा प्रेमात पडायचा, सफारी घातलेल्या बापाच्या पायाशी बंगल्याच्या किल्ल्या फेकायचा आणि अंगावरच्या शर्टानिशी घराबाहेर पडून हमाली करायचा. दोन गाण्यांत त्याला हमाली जमायचीही. शेवटी तो सफारीवाला शेठ हात जोडून झोपडीच्या दाराशी यायचा आणि अख्खी टॉकीज उभी राहायची. सदर भागातल्या टॉकीजमध्ये पुढच्या बाकांवर बसून मनोहररावांनी असे कितीतरी शेठ हरताना पाहिले, आणि प्रत्येक वेळी घसा बसेपर्यंत ओरडले. पुढे त्यांनी वडिलांची आरामशीन वाढवली, बंगला बांधला, गाडी घेतली. त्याचा आणि सिनेमाचा काही संबंध आहे असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

थोरल्या मुलाच्या, अमोलच्या वेळचे सिनेमे निराळे होते. त्यांत बापाचं कामच नसायचं. तीन मित्र गाडी काढून समुद्राकडे निघायचे आणि पेट्रोल कुणी भरलं, हे शेवटपर्यंत कुणी विचारायचं नाही.

"काय गा अमोल, हे पोट्टे कामधंदा कवा करतेत?" मनोहरराव विचारायचे.

"बाबा, ते स्वतःले शोधून राहिले."

"मंग हरवलेच कायले?"

आणि धाकट्या मुलीचे, वेदिकाचे सिनेमे तर त्यांच्या डोक्यावरूनच जायचे. त्यांत कुणी किल्ल्या फेकत नाही, कुणी समुद्राकडे जात नाही. एक पोरगी स्वतःच्या घरातल्या फ्रिजकडे बराच वेळ बघत उभी राहते आणि सिनेमा संपतो. "ह्याच्यात शिट्टी कुठं मारायची वं?" असं त्यांनी एकदा खरोखर विचारलं होतं.

तर हीच वेदिका जानेवारीत एके दिवशी प्रीतीला घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसली. प्रीती म्हणजे धोंडबाची मुलगी. आणि धोंडबा म्हणजे मनोहररावांच्या आरामशीनवरचा जुना मिस्त्री. दोघी एकाच कॉलेजात शिकत होत्या आणि शेवटच्या वर्षासाठी त्यांना एक छोटा सिनेमा करायचा होता. लेखन-दिग्दर्शन प्रीतीचं, कॅमेरा वेदिकाचा. सदरच्या एका हॉलमध्ये तो लोकांना दाखवणार होते.

"काका, सिनेमात काम कराल?" प्रीतीनं विचारलं.

मनोहररावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. प्रीतीनं पिशवीतून कागद काढले, तसा त्यांनी हात आडवा केला. "कथा सांगू नको. मजा जाते. मले फक्त काम सांग."

"पण काका, एकदा वाचून तर घ्या."

"हिरो कधी वाचत असते का वं?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग वेदिका म्हणाली, "बाबा, तुम्ही तुमचंच काम करायचं आहे. तान्ह्या पोळ्याले बक्षीस वाटायचं."

यात मनोहररावांना शिकवण्यासारखं काही नव्हतंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून मैदानात आणतात, मग ते ओढत दारोदार हिंडून बोजारा म्हणून खाऊ-पैसे गोळा करतात. कॉलनीतल्या तान्ह्या पोळ्यात चांगल्या बैलाला ढाल द्यायची पद्धत मनोहररावांनीच पाडली होती. ढाल त्यांची, मंडप त्यांचा, माईकही त्यांच्याच हातात. वेदिका लहान असताना तिचा बैल तिच्या खांद्याला लागायचा: अस्सल सागवान, पितळी घुंगरं, जरीची झूल. पहिला नंबर दर वर्षी तिचाच यायचा. बैलच तसा होता, असं मनोहरराव आजही सांगत.

दुसऱ्या दिवशी लकडगंजात एकही दुकान उरलं नाही जिथे आमंत्रण गेलं नाही. "आपला पिक्चर येऊन राहिला," मनोहरराव सांगत सुटले. "हॉल भरला पाहिजे, गा."

शूटिंगच्या सकाळी नंदनवनात भर थंडीत तान्हा पोळा उजाडला. कॉलनीतल्या पोरांनी माळ्यावरचे बैल काढून पुसले होते आणि बोजारा खरा मिळणार की सिनेमातला, याची चौकशी करून झाली होती. खरा मिळणार म्हटल्यावर शेजारच्या गल्लीतलीही पोरं आली. प्रीतीनं मनोहररावांना वेदिका लहान असतानाची पांढरी सफारी घालायला सांगितलं. ती ट्रंकेतून निघाली, पण पोटावरचं बटण काही लागेना. शेवटी कौसल्याबाईंनी दोन्ही हातांनी ओढून ते लावलं आणि बजावलं, "आता श्वास जपून घ्या."

मैदानात दोन बैल शेजारी शेजारी उभे केले होते. मोठा वेदिकाचा, तो इतकी वर्षं बंगल्याच्या दिवाणखान्यात काचेमागे होता. छोटा प्रीतीचा, तिच्या घरून जुन्या लुगड्यात गुंडाळून आणलेला. त्याची झूलही लुगड्याचीच. मोठ्याची दोरी काजल नावाच्या मुलीच्या हातात होती, छोट्याची उन्नतीच्या. उन्नती मागच्या गल्लीतली, पहिलीत जाणारी, पुढचे दोन दात पडलेली. प्रीतीनं तिला सांगितलं होतं, "तू फक्त बैल धरून उभी राहा, आजोबा नाव घेतील." तेवढं तिनं मनावर घेतलं होतं.

"ॲक्शन," प्रीती म्हणाली.

मनोहररावांनी माईक हातात घेतला, आणि चाळीस वर्षं पाहिलेले सगळे सिनेमे त्यांच्या अंगात आले. "बंधू-भगिनींनो! बैल लहान असो का मोठा, देव मेहनत पाहते! आजचा पहिला नंबर..." इथे ते थांबले, डोळे मिटले, उघडले. "...ह्या लहान्या बैलाचा! कुमारी उन्नती!"

मैदान टाळ्यांनी दणाणलं. उन्नतीनं उडीच मारली. मनोहररावांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं होतं.

"कट," प्रीती म्हणाली. "काका, नाव काजलचं घ्यायचं होतं. मोठ्या बैलाचं."

"ठाऊक आहे मले. पण हे पाह्य नं, पब्लिक कशी खूश झाली."

पुन्हा घेतलं. पुन्हा त्यांनी भाषण केलं, पुन्हा पहिला नंबर उन्नतीला दिला. या वेळी तर तिला कडेवरही उचललं.

"बाबा, असं झालं नव्हतं," वेदिका कॅमेऱ्यामागून म्हणाली.

"झालं नव्हतं म्हणूनच तर सिनेमात करायचं असते! जे झालं, ते पाहाले तिकीट कोण काढते?" आणि मग त्यांचं त्यांनाच काहीतरी टोचलं. "थांब. काय झालं नव्हतं?"

प्रीतीनं जेवणाची सुट्टी दिली. तर्री-पोह्यांच्या प्लेटा आल्या. मनोहरराव मांडवाखाली खुर्चीत बसले. समोर वेदिका, प्रीती, आणि बैलांची चाकं घट्ट करत बसलेला धोंडबा.

"बाबा, मले दर वर्षी पहिला नंबर काहून भेटे?" वेदिकानं विचारलं.

"तुझा बैल सगळ्यात चांगला राहे म्हणून."

"परीक्षक कोण राहत होते?"

"एक तुझा मामा," मनोहरराव आठवू लागले, "एक आपले मुनीमजी, आन् एक कॉलनीचे सेक्रेटरी, ज्यांच्या घराची दारं-खिडक्या आपण घरच्या भावात..." चमचा तोंडाशी तसाच राहिला.

"आणि बैल कोणी बनवला होता?"

"मी."

मागून धोंडबा खाकरला.

"म्हणजे लाकूड माझं होतं," मनोहरराव म्हणाले.

त्यांनी दोन्ही बैलांकडे नीट पाहिलं. आजवर ते कधी शेजारी शेजारी दिसलेच नव्हते. एक ऐटबाज, एक जेमतेम गुडघ्याएवढा, तुकडे जोडून केलेला. पण दोघांचे डोळे सारखे होते, थोडे झोपाळलेले, आणि डाव्या कानाचा बाकही तोच. एकाच हातानं कोरलेले बैल. मालकाच्या पोरीचा दिवसा केलेला, स्वतःच्या पोरीचा उरलेल्या तुकड्यांतून.

धोंडबा हसत म्हणाला, "दोन्ही आपलेच, शेठजी. नंबर कोणालेबी गेला तरी माझ्याच बैलाले गेला. मी तर दर साल पहिला!"

सगळे हसले. मनोहररावांच्या जिवात जीव आला. तेही मोठ्यानं हसले, जरा जास्तच मोठ्यानं.

"बाबा नेहमी असंच म्हणतेत," प्रीती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण ती हसतही नव्हती. "मी आठ वर्षांची होती, काका. मले ढाल पाहिजे होती."

मनोहररावांचं हसू आटलं. "म्हणजे ह्या पिक्चरमधी मी व्हिलन हावो?"

"नाही, काका. ह्याच्यात व्हिलनच नाही. तुम्ही बोजारा सगळ्याईले सारखा देत होते, तेबी कथेत आहे. फक्त नंबर देताना तुम्ही वेदिकाकडेच पाहत होते. तिच्या बाजूले कोण उभं आहे, हे तुम्हाले दिसतच नव्हतं."

मनोहरराव उठले. लकडगंजातला एकेक चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे आला. सगळ्यांना आमंत्रण देऊन झालं होतं, आणि त्या सगळ्यांसमोर हे असं पडद्यावर दिसणार होतं. "मले नाही जमत. दुसऱ्या कोणाले सफारी घाला. माणसं काय कमी आहेत?"

"दुसऱ्याले नाही घालणार," वेदिका म्हणाली. तिचे डोळे वडिलांवरून हलले नाहीत. "दुसऱ्याच्या बापाले शेठ केलं, तर तो तुमच्या जमान्यातलाच सिनेमा झाला, बाबा. तुम्ही नाही केलं तर आम्ही पिक्चरच नाही करत."

मनोहरराव घरात गेले आणि तडक आरशासमोर उभे राहिले, सफारी उतरवायला. आरशात पांढऱ्या सफारीतला, पोट सुटलेला, भुवया उंचावलेला एक शेठ उभा होता. ज्याच्यावर त्यांनी आयुष्यभर आरोळ्या ठोकल्या, अगदी तोच. फक्त तोंडात सिगार नव्हता.

कौसल्याबाई मागून आल्या. दारातून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"पाहून राहिली नं, तुझी पोरगी मले काय करून राहिली ते?" मनोहरराव म्हणाले. "मी लबाडी केली का वं कधी? देवाची शपथ, मले वाटे बैल चांगला आहे म्हणून नंबर येते."

"तुम्ही लबाडी नाही केली, हे मले माहीत आहे. त्या दोघींलेबी माहीत आहे." कौसल्याबाईंनी त्यांच्या खांद्यावरची चुरगळ सारखी केली. "पण तुमच्या त्या पिक्चरमधल्या शेठले तरी कुठं माहीत राहे, आपण शेठ आहो म्हणून?"

मनोहररावांनी आरशातूनच त्यांच्याकडे पाहिलं. कौसल्याबाईंना चाळीस वर्षांत सिनेमातलं काही कळत नाही असं ते धरून चालले होते. एक खुर्ची सोडून बसूनही ही बाई सगळं बघत होती म्हणायची.

"बटण घट्ट आहे का पाह्य," ते शेवटी म्हणाले.

मैदानात परतले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पोरं कंटाळून बैलांच्या शर्यती लावत होती. प्रीतीनं सगळ्यांना जागेवर उभं केलं. मनोहररावांनी माईक घेतला. या वेळी भाषण नव्हतं, डोळे मिटणं नव्हतं. त्या वेळी ते जसे म्हणाले असतील, तसंच, कौतुकानं, सहज, ते म्हणाले, "आणि पहिला नंबर, कुमारी काजल!"

काजल धावत आली, तिनं ढाल घेतली. आणि मग मनोहररावांनी मान वळवली. इतक्या वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. मोठ्या बैलाच्या बाजूला कोण उभं आहे, ते पाहिलं.

उन्नती दोरी धरून उभी होती. तिला कुणी टेक-रिटेक समजावला नव्हता. तिच्या हिशेबानं सकाळपासून पहिला नंबर तिचा होता, दोनदा टाळ्याही झाल्या होत्या, आजोबांनी कडेवर घेतलं होतं. आता ढाल दुसरीकडे गेली होती. तिचा खालचा ओठ थरथरला. पण आजूबाजूचे टाळ्या वाजवत होते, म्हणून तिनंही दोरी काखेत धरून दोनदा टाळ्या वाजवल्या. मग तिला राहवेना.

"आजोबा," ती मोठ्यानं म्हणाली, "आत्ता तर माझा नंबर होता नं!"

टाळ्या थांबल्या. माईक कुईं करून वाजला. प्रत्येक प्रसंगाला ज्यांच्याकडे डायलॉग तयार असायचा, त्या मनोहररावांनी माईक खाली केला. पलीकडे प्रीती तोंडावर हात धरून उभी होती, आणि ती काही 'कट' म्हणत नव्हती. वेदिका कॅमेरा धरून होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

मनोहरराव उन्नतीपुढे उकिडवे बसले. बसताना पोटावरचं बटण सुटलं आणि टणकन उडून मोठ्या बैलाच्या कपाळावर बसलं.

"हो वं माय," ते म्हणाले. "तुझाच होता."

"मंग द्या नं!"

आता मात्र हसण्याचा एकच कल्लोळ उठला. काजल ढाल सोडेना, उन्नती ओढायची थांबेना, दोघींची चांगलीच जुंपली. बाकीची पोरंही आपापले बैल पुढे दामटून नंबर मागायला लागली. शेवटी धोंडबानं काजलला छोट्या बैलावर आणि उन्नतीला मोठ्या बैलावर बसवून मैदानात ओढत नेलं, तेव्हा कुठे भांडण मिटलं. संध्याकाळी भर जानेवारीत नंदनवनातल्या दारोदार बोजारा मागत वरात फिरली. पुढे सफारीची बाजू एका हातानं धरून मनोहरराव होते, आणि घराघरांत विचारल्यावर सांगत होते, "पिक्चरचा पोळा आहे. द्या, द्या, हात आखडू नका."

सिनेमा दाखवायच्या दिवशी सदरचा हॉल भरला. पुढच्या दोन रांगा नुसत्या लकडगंजनं अडवल्या होत्या. मनोहरराव मधोमध बसले. एका बाजूला धोंडबा, त्याला त्यांनी शेवटच्या रांगेतून हाताला धरून आणलं होतं. दुसऱ्या बाजूला रिकामी खुर्ची, आणि तिच्या पलीकडे कौसल्याबाई. सिनेमाची गोष्ट मनोहररावांना या वेळी आधीच माहीत होती, आणि मजा जाते असं जे ते म्हणायचे, ते खोटं नव्हतं.

पडद्यावर दोन बैल आले, घुंगरं वाजली, बोजारा वाटणारे मनोहरराव आले. बाजारवाले खूश होऊन एकमेकांना कोपरानं ढोसत होते. मग परीक्षक म्हणून मामा आले, मुनीमजी आले, सेक्रेटरी आले, आणि ढोसणं हळूहळू थांबलं. पांढऱ्या सफारीतल्या शेठनं कौतुकानं, सहज, पहिला नंबर पुकारला. काजल धावली. पडदाभर उन्नतीचा चेहरा. दोन टाळ्या.

"आजोबा, आत्ता तर माझा नंबर होता नं!"

पडद्यावरचे मनोहरराव माईक खाली करून उभे होते. खुर्चीतले मनोहरराव पुढे सरकून बसले. आता आपलं वाक्य येणार. बाजाराला तेवढं एक वाक्य तरी ऐकू जाणार, हो वं माय, तुझाच होता.

आणि पडदा काळा झाला.

प्रीतीनं ते वाक्य कापून टाकलं होतं. मनोहररावांना आतून सणक लागली. एवढं चांगलं वाक्य! मग त्यांना आठवलं की तेव्हाही, आठ वर्षांच्या प्रीतीला, ते वाक्य ऐकू आलंच नव्हतं. कुणी म्हटलंच नव्हतं.

दोन रांगा भरून लकडगंज मनोहररावांकडे बघत होतं, टाळी वाजवायची की नाही हे त्यांच्या तोंडावरून ठरवायला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली: लेखन आणि दिग्दर्शन, प्रीती. खाली: बैल, धोंडबा. दोन्ही.

मनोहरराव उठून उभे राहिले. दोन बोटं तोंडात घातली. आयुष्यात इतक्या शेठांना हरताना पाहिलं होतं, पण हा शेठ त्यांचा स्वतःचा होता, म्हणून शिट्टी जरा ओली निघाली. दुसरी मात्र अशी निघाली की छतावरचे पंखे दचकले असतील. मग अख्खा हॉल उठला. धोंडबा डोळे पुसत टाळ्या वाजवत होता, आणि स्टेजजवळ उभी असलेली प्रीती पहिल्यांदाच हसत होती, वेदिकाला घट्ट धरून.

मनोहररावांनी तिसऱ्या शिट्टीसाठी श्वास घेतला आणि बाजूला पाहिलं. कौसल्याबाई पदर सावरत उठल्या होत्या. बाहेर निघाल्या की काय, असं त्यांना वाटलं. पण त्या मधल्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसल्या.